'आय मेस्ड अप' कुणाला म्हणावं?

गेल्या अंकात या पानावर 'मेस अप' या इंग्रजी बोलीतल्या प्रयोगाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं पान त्यांनाच दिलं आहे. चूक झाली, काम बिघडलं, सगळा विचका झाला, तर इंग्रजीत सहज बोलताना काय म्हणायचं, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. सांगलीत पॉलिटेक्निकच्या मुलांना मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्या पाठ्यपुस्तकात पंतप्रधानांना पत्र होतं, वृक्षारोपणाचा अहवाल होता, पण 'माझं चुकलं' म्हणायचं कसं हे कुठेच नव्हतं. मुलं नोकरीला लागली की पहिल्याच महिन्यात नेमकी त्याचीच गरज पडायची. म्हणून हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : मॅडम, मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या अमेरिकी क्लायंटच्या मॅनेजरने चुकीची फाइल पाठवली आणि नंतर मेलमध्ये लिहिलं, 'सॉरी, आय स्क्रूड अप.' पुढे माझी चूक झाली तेव्हा मी तेच शब्द लिहिले, तर टीम लीडने मेल जाऊ दिला नाही. हा शब्द अश्लील आहे असं तो म्हणतो. मग त्या साहेबांनी कसा वापरला? (पुणे)

उत्तर : तुमच्या टीम लीडचं म्हणणं निराधार नाही आणि तो मॅनेजरही असभ्य नाही. 'स्क्रू' या क्रियापदाला इंग्रजी बोलीत एक लैंगिक अर्थ आहे. 'स्क्रू अप' म्हणजे घोळ घालणं हा प्रयोग मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांच्या बोलण्यातून पसरला. त्याच छावण्यांमधून 'स्नॅफू' हा शब्दही आला. 'सिच्युएशन नॉर्मल, ऑल फाउल्ड अप' या वाक्याची ती आद्याक्षरं, म्हणजे 'परिस्थिती नेहमीसारखी, सगळा गोंधळ'. यातला 'फाउल्ड' हा घरात सांगण्यापुरता शब्द आहे, सैनिक त्याजागी शिवी घालत. आज 'स्नॅफू' वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतो आणि मुळातली शिवी बहुतेकांच्या ध्यानातही नसते. 'स्क्रू अप'चंही तसंच झालं आहे. तो रांगडा आहे, पण आता शिवी राहिलेला नाही.

किती चालतो? बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष होऊन दोन आठवडे झाले होते. आरोग्य खात्यासाठी त्यांनी निवडलेल्या टॉम डॅशल यांचं थकलेल्या कराचं प्रकरण निघालं आणि डॅशल यांनी माघार घेतली. त्याच दिवशी, ३ फेब्रुवारी २००९ ला, ओबामांनी अनेक वृत्तवाहिन्यांना मुलाखती दिल्या आणि त्यांत 'आय स्क्रूड अप' असं सरळ सांगून टाकलं. देशाचा प्रमुख बोलीतले शब्द वापरून दोष स्वतःवर घेतो, तेव्हा तो लोकांच्या पातळीवर येऊन बोलत असतो.

यात दिशा महत्त्वाची आहे. वरचा माणूस खालच्याशी असं बोलला तर अंतर कमी होतं. खालच्याने वरच्याला, तेही लेखी आणि ओळख नवीन असताना असं लिहिलं, तर आगाऊपणा वाटू शकतो. तुम्ही क्लायंटला 'आय मेड अ मिस्टेक' लिहा. वर्षभर सोबत काम झालं, फोनवर हसणं-बोलणं असलं, की 'आय मेस्ड अप' म्हणा. 'स्क्रूड अप' बरोबरीच्या मित्रांसाठी राहू दे. आपल्या ऑफिसांमध्ये 'गूफ अप' फार चालतं. त्या शब्दात एक वेंधळेपणाची छटा आहे. मीटिंगची वेळ चुकली तर ठीक, पण ग्राहकाचे पैसे बुडाले असताना 'वुई गूफ्ड अप' म्हटलं तर तुम्हाला त्याचं काही वाटत नाही असा अर्थ निघेल.

आणि 'अप' विसरू नका. 'आय स्क्रूड अप' म्हणजे मी घोळ घातला. 'आय ॲम स्क्रूड' म्हणजे माझी वाट लागली. 'यू स्क्रूड मी' म्हणजे तुम्ही मला फसवलंत, आणि ते वाक्य क्लायंटला गेलं तर टीम लीडही काही करू शकणार नाही.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. मुलं 'आय डिड अ मिस्टेक' लिहितात. मोठी माणसंही 'ब्लंडर मिस्टेक' म्हणतात. हे कसं सुधारावं? (कोल्हापूर)

उत्तर : सर, आपण चूक 'करतो', म्हणून मुलं 'डू' लिहितात. त्यांची भाषा त्यांना तेच सांगते. इंग्रजीत मिस्टेक, एरर, ब्लंडर, मेस हे सगळे 'मेक'बरोबर जातात, एवढं फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवा. 'ब्लंडर' म्हणजेच घोडचूक, त्याला आणखी 'मिस्टेक' जोडणं म्हणजे पिवळा पीतांबर.

मुलांना 'मेस' शब्दाची एक गोष्ट सांगा, ती त्यांच्या लक्षात राहील. कोल्हापुरात-पुण्यात विद्यार्थी जिथे डबा लावतात ती मेस आणि 'मेस अप'मधलं मेस हा एकच शब्द आहे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता ताटात वाढलेलं अन्न. एकत्र जेवणाऱ्या सैनिकांची पंगत ती मेस झाली, आणि आपल्याकडे तो शब्द छावण्यांमधून खानावळीत पोहोचला. दुसरीकडे अर्थ घसरत गेला : पातळ कालवलेलं अन्न, मग जनावरांपुढे ठेवायचं आंबोण, मग कशाचाही काला, आणि शेवटी गोंधळ.

प्रश्न : मॅडम, मी मूळची नाशिकची, इंग्लंडमध्ये नर्स आहे. एका रुग्णाला औषध दोन तास उशिरा दिलं गेलं. मी लगेच वरिष्ठांना सांगितलं, 'मिस्टेक हॅज हॅपन्ड फ्रॉम माय साइड, आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी.' मी मनापासून बोलले होते. तरी माझ्या मूल्यमापनात लिहिलं गेलं की मी जबाबदारी स्वीकारत नाही. मला फार लागलं. नेमकं काय चुकलं? (लीड्स)

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या मनात काहीच खोट नव्हती. तुम्ही मराठीत माफी मागितलीत, शब्द फक्त इंग्रजी होते.

आपल्याकडे 'माझ्या हातून चूक झाली' ही पूर्ण माफी आहे. उलट 'मी चूक केली' हे जरा ताठ वाटतं, कोर्टातल्या जबाबासारखं. सासऱ्यांसमोर, गुरुजींसमोर, देवासमोर आपण 'चुकलं' म्हणतो, 'झालं' म्हणतो, आणि त्या रचनेतच नम्रता असते. ऐकणारा कधी म्हणत नाही की चूक आपोआप झाली का. इंग्रजीत हीच रचना नेमकी उलटी पोहोचते. 'अ मिस्टेक हॅपन्ड' म्हटलं की चूक पावसासारखी वरून पडली आणि बोलणारा बाजूला उभा होता असं चित्र उभं राहतं. 'फ्रॉम माय साइड' हे आपलं 'माझ्याकडून' आहे. तिथल्या कानाला ते 'आमच्या बाजूने' असं ऐकू येतं, जणू दोन पक्षांचं भांडण चालू आहे.

हा संशय इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मनात राजकारण्यांनी पेरला आहे. २७ जानेवारी १९८७ ला अध्यक्ष रेगन अमेरिकी काँग्रेससमोर भाषणाला उभे राहिले. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण तेव्हा पेटलं होतं. त्यांनी 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' असं म्हटलं, म्हणजे गंभीर चुका झाल्या. कुणाकडून, ते त्या वाक्यात नव्हतं. त्यांच्या आधी आणि नंतरही अनेकांनी ही रचना वापरली आहे. 'मिस्टेक्स वेअर मेड' हे आता तिकडे अंग काढून घेण्याचं नमुना-वाक्य मानलं जातं. तुमच्या वरिष्ठांच्या कानात तेच वाजलं असणार.

या पानावरचे बोलीतले प्रयोग त्या दृष्टीने बघा. आय मेस्ड अप, आय स्क्रूड अप, आय ब्लू इट, आय ड्रॉप्ड द बॉल. सगळे 'आय'ने सुरू होतात. या प्रयोगांचं खरं बळ तिथे आहे. शब्द हलका असला तरी दोष बोलणाऱ्याने उचललेला असतो. म्हणूनच तिथल्या लोकांना ते प्रामाणिक वाटतात.

तरीही रुग्णालयात तुम्ही हे प्रयोग वापरू नका असंच मी सांगेन. चहाच्या सुट्टीत मैत्रिणीला 'आय मेस्ड अप धिस मॉर्निंग' म्हणा, त्यात काही गैर नाही. वरिष्ठांशी आणि रुग्णाशी मात्र साधी वाक्यं : 'आय गेव्ह द डोस टू अवर्स लेट. आय शुड हॅव चेक्ड द चार्ट. आय ॲम सॉरी.' काय झालं, काय करायला हवं होतं, माफी. 'एक्स्ट्रीमली' काढून टाका, त्याने माफी मोठी होत नाही. तुम्ही ज्याला 'डेटिक्स भरणं' म्हणता त्या घटना-नोंदीत तर भावनाही नको, फक्त वेळ आणि कृती लिहा.

'मी केलं' असं म्हटलं तर कायद्यात अडकेन, ही भीती अनेक भारतीय परिचारिकांना असते. इंग्लंडमध्ये २०१४ पासून रुग्णालयांवर कायद्यानेच पारदर्शकतेचं कर्तव्य आहे. उपचारात गंभीर इजा झाली तर रुग्णाला सांगायचं आणि माफी मागायची. २००६ च्या तिथल्या नुकसानभरपाई कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की माफी मागणं म्हणजे हलगर्जीपणाची कबुली ठरत नाही. परिचारिकांच्या नोंदणी परिषदेच्या आचारसंहितेतही चूक उघड सांगणं हे कर्तव्यच आहे. तुम्ही ते त्याच दिवशी केलंत. पुढच्या बैठकीत वरिष्ठांना हे शांतपणे सांगा, की मी स्वतः येऊन कळवलं होतं आणि माझ्या भाषेत माफी अशीच मागतात. त्यांनीही ते समजून घ्यायला हवं.

प्रश्न : ताई, मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. नातू नऊ वर्षांचा. माझ्या अंगावर दूध सांडलं तर 'माय बॅड, आजी' म्हणून निघून गेला. सूनबाई म्हणते, तो सॉरीच म्हणाला. मला मात्र ते उर्मट वाटलं. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे, आणि तुम्हाला जे जाणवलं तेही खोटं नाही. 'माय बॅड' म्हणजे 'माझंच चुकलं'. १९८० च्या दशकात अमेरिकेत गल्लीतल्या बास्केटबॉलच्या मैदानांवर हा प्रयोग रुळला. तिथे पंच नसतो. चेंडू भलतीकडे गेला की खेळाडू छातीवर हात मारून 'माय बॅड' म्हणतो आणि खेळ पुढे चालू राहतो. दोष मान्य, पण थांबायचं नाही, हा त्या शब्दांचा स्वभाव आहे. म्हणून किरकोळ गोष्टींना ते शोभतात. धक्का लागला, चुकीचं पान उघडलं, दुसऱ्याचा पेला उचलला.

आजीच्या पातळावर दूध सांडलं तर थांबायला हवं, पुसायला हवं. नातवाला रागावू नका. त्याला सांगा, 'बाळा, खेळताना माय बॅड म्हण, आजीला सॉरी म्हण आणि फडकं आण.' नऊ वर्षांच्या मुलाला हा फरक छान कळतो. त्याने 'ऊप्स' म्हटलं तर तेही समजून घ्या. तो नुसता उद्गार आहे, आपल्या 'अय्या'सारखा, माफी नव्हे. रिक पेरी नावाचे टेक्सासचे गव्हर्नर २०११ च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी टीव्हीवर वादविवाद करत होते. आपण तीन सरकारी खाती बंद करणार असं त्यांनी सांगितलं, दोन नावं घेतली आणि तिसरं काही केल्या आठवेना. शेवटी त्यांच्या तोंडून 'ऊप्स' एवढंच निघालं. त्या एका शब्दाने त्यांच्या मोहिमेला मोठा धक्का बसला. न आठवलेलं खातं ऊर्जा खातं होतं, आणि २०१७ मध्ये पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले.

प्रश्न : मॅडम, मी सप्टेंबरमध्ये एमएससाठी मँचेस्टरला जातोय. अमेरिकी मालिका बघून इंग्रजी शिकलो. ब्रिटिश लोक चुकांबद्दल वेगळं बोलतात का? (नागपूर)

उत्तर : बरंच वेगळं बोलतात. मुलासारखा आहेस म्हणून 'तू' म्हणते.

तिथे 'कॉक-अप' हा शब्द ऐकशील. ऐकायला घाण वाटतो, पण टीव्हीवरच्या चर्चेतही येतो. अर्थ घोळ, सावळागोंधळ. तू समजून घे, मात्र पहिल्या सहा महिन्यांत प्राध्यापकांपुढे वापरू नकोस. परक्या भाषेतला रांगडा शब्द आपल्या तोंडी नेहमी थोडा जास्त रांगडा वाटतो. त्याऐवजी 'मेक अ पिग्ज इअर ऑफ इट' म्हण. शब्दशः डुकराचा कान, पण पूर्णपणे सभ्य. एखाद्या कामाची माती करणं म्हणजे 'पिग्ज इअर'. अस्ताव्यस्त, कसंतरी उरकलेलं काम म्हणजे 'डॉग्ज डिनर'. ठरल्याप्रमाणे चाललेलं अचानक बिघडलं तर 'इट वेंट पेअर-शेप्ड'. यात कुणावर दोष नसतो. तुझ्या प्रयोगशाळेतल्या मशीनने दगा दिला तर हेच म्हण. उत्तरपत्रिकेतल्या हास्यास्पद चुकीला 'हाउलर' म्हणतात. पार्टीत भलतंच बोलून गेलास तर 'आय पुट माय फुट इन इट'.

'शॅम्बल्स' मात्र नीट शिक, कारण ब्रिटिश माणूस रेल्वे, सरकार, स्वतःचं स्वयंपाकघर, सगळ्यांबद्दल हा शब्द वापरतो. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ बाकडं असा होता. मांस विकायला ठेवायचं बाकडं, मग मटणबाजार, मग कत्तलखाना, मग रक्तामांसाचा चिखल, आणि आता नुसता बट्ट्याबोळ. मँचेस्टरहून रेल्वेने यॉर्कला जा. तिथे 'द शॅम्बल्स' नावाची अरुंद गल्ली अजून आहे. खाटकांची दुकानं गेली, पण दुकानांपुढच्या रुंद फळ्या आणि मांस टांगायचे आकडे काही घरांवर अजून दिसतात. याच शब्दापासून 'ऑम्निशॅम्बल्स' झाला, म्हणजे सगळीकडून बट्ट्याबोळ. एका ब्रिटिश टीव्ही मालिकेत २००९ मध्ये तो आला. २०१२ मध्ये विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी सरकारच्या अर्थसंकल्पाला संसदेत हेच विशेषण लावलं, आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशकारांनी ब्रिटनसाठी त्या वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला.

प्रश्न : बातम्यांत 'बॉच्ड सर्जरी', 'बॉच्ड रिपेअर' वाचते. 'स्पॉइल्ड' का म्हणत नाहीत? (सातारा)

उत्तर : कारण 'बॉच'मध्ये आधी काहीतरी दुरुस्त करायचा प्रयत्न असतो. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थच ठिगळ लावणं असा होता. पुढे तो वाईट ठिगळापुरता उरला. नुसतं नासवलं तर 'स्पॉइल'. नीट करायला गेलो आणि बिघडवलं तर 'बॉच'. आपलं 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' अगदी इथे बसतं.

याचं जगाने पाहिलेलं उदाहरण स्पेनमधलं आहे. सारागोसाजवळच्या बोर्हा गावात, एका चर्चच्या भिंतीवर काटेरी मुकुट घातलेल्या येशूचं चित्र होतं. ओलीने त्याचे पोपडे निघत होते. गावातल्या ऐंशी वर्षांपुढच्या एका भाविक बाईंनी ते स्वतः रंगवायला घेतलं. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचे फोटो जगभर गेले आणि इंग्रजी मथळ्यांत सगळीकडे 'बॉच्ड रिस्टोरेशन' झळकलं. त्या बाईंची फार थट्टा झाली. मला ती तेव्हाही आवडली नाही. त्यांनी प्रेमाने केलं होतं. पुढे ते चित्र बघायला इतके लोक येऊ लागले की तिथे प्रवेशशुल्क सुरू झालं, आणि २०१६ मध्ये गावात त्या चित्राचं माहितीकेंद्रही उघडलं. ब्रिटनमध्ये 'बॉज' असाही एक जोडीदार शब्द ऐकू येतो. तो जरा मायेचा आहे. दोरी-चिकटपट्टी लावून कसंबसं चालू केलेलं काम, म्हणजे 'बॉज जॉब'.

प्रश्न : शेअर ब्रोकरच्या ऑफिसात 'फॅट फिंगर झालं' म्हणतात. हा शब्द खरंच इंग्रजीत आहे का? (ठाणे)

उत्तर : आहे, आणि तुमच्या व्यवसायातलाच आहे. जाडं बोट भलत्या कळीवर पडलं, असा भाव. ८ डिसेंबर २००५ ला टोकियोच्या शेअर बाजारात एका पेढीला एक शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. आदेश गेला ६,१०,००० शेअर एका येनला विकण्याचा. त्या कंपनीचे एकूण शेअरसुद्धा तेवढे नव्हते. नुकसान अब्जावधी येनचं झालं. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रीय शेअर बाजारात ६५० कोटींहून जास्त रकमेचे चुकीचे सौदे गेले, निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून जास्त खाली आला आणि व्यवहार थांबले. त्या बातम्यांतही हाच शब्द होता. बोलताना 'इट वॉज अ फॅट-फिंगर एरर' म्हणा. समोरच्या माणसाच्या बोटांकडे निर्देश होईल असं मात्र बोलू नका.

प्रश्न : 'ड्रॉप द बॉल' क्रिकेटमधून आला का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही, अमेरिकी फुटबॉलमधून. तिथे खेळाडू चेंडू उराशी धरून पळतो आणि सगळा संघ त्याच्यावर विसंबून असतो. म्हणून 'आय ड्रॉप्ड द बॉल' तेव्हाच म्हणावं, जेव्हा काम तुमच्यावर सोपवलेलं होतं आणि तुमचं लक्ष उडालं. निविदेची तारीख गेली, पाहुण्यांना आणायला गाडी पाठवायची राहिली. झटून प्रयत्न केला आणि तरी जमलं नाही, तर हा प्रयोग नको. हाती आलेली संधी घालवली, मुलाखत बिघडवली, तर 'आय ब्लू इट' म्हणा. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर 'ही ड्रॉप्ड अ कॅच' किंवा 'ही मफ्ड इट'. आपल्याच कृतीने आपलंच नुकसान केलं तर ब्रिटिश बातम्यांत 'ओन गोल' येतं, आपल्याच जाळ्यात मारलेला गोल. अमेरिकी माणसाशी बोलताना त्याऐवजी 'शॉट हिमसेल्फ इन द फुट' म्हटलं तर ते लवकर कळेल.